थॉमसनवाल्या मामांबरोबर वायनरीत

नाशिकला वायनरी बघायची तर शनिवार-रविवार टाळा, हे आधीच सांगून टाकते. सुट्टीच्या दिवशी गंगापूर धरणाच्या रस्त्याला मुंबई-पुण्याच्या गाड्या एकामागे एक लागलेल्या असतात आणि टेस्टिंगच्या काउंटरवर आपल्याला काय ओतून दिलं, हे ऐकूही येत नाही. मला प्रश्न विचारायचे होते. म्हणून दिंडोरीच्या बाजूची एक छोटी वायनरी शोधली, फोन करून आठवड्यातल्या मधल्या दिवसाची सकाळची वेळ घेतली. नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात वाटायला नको.

महिना फेब्रुवारी, तोही मुद्दाम. आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलात खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी. त्यामुळे माल जानेवारी ते मार्चमध्ये हाती येतो. युरोपात हिवाळ्यात वेली झोपलेल्या असतात आणि तोडणी ऑगस्टनंतर होते. आपल्याकडे त्या दिवसांत फळ पिकवलं तर ते पावसात सापडेल, म्हणून हे उलटं वेळापत्रक. पावसाळ्यात गेलात तर डोंगर हिरवेगार दिसतील, पण वायनरीत टाक्या आणि बाटल्यांखेरीज बघायला फारसं काही नसेल.

बरोबर माझे मामा होते. निफाड तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे, सगळी थॉमसन, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाची जात. माल निर्यातीला जातो. दारूच्या थेंबालाही ते शिवत नाहीत. मग आले कशाला? तर 2022 च्या जानेवारीत सरकारनं मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, त्यावरून केवढं रान पेटलं होतं ते आठवत असेल. मामा तेव्हापासून म्हणत होते, "एकदा बघू तरी हे लोक द्राक्षाचं करतात काय."

आमची गाईड तिथल्याच जवळच्या गावातली, पंचविशीची मुलगी. तिनं आधी वयाचा पुरावा बघितला (वाइनसाठी महाराष्ट्रात 21 वर्षं पूर्ण लागतात) आणि लगेच विचारलं, "ताई, मिसळ खाऊन आलात का?" नाशिकला येणारा प्रत्येक पाहुणा मिसळ खाऊनच येतो म्हणे, आणि तिखटानं बधिर झालेल्या जिभेला मग लाल वाइन नुसती कडू-तुरट लागते. आम्ही पोहे खाऊन निघालो होतो. पोट रिकामं नको, तोंड तिखट नको, आणि त्या दिवशी अत्तर लावायचं नाही, एवढंच पथ्य.

पहिला अर्धा तास बागेतच गेला, आणि खरं सांगायचं तर मला तोच सगळ्यात आवडला. मामांनी एका वेलीखाली जाऊन घड उचलला आणि त्यांचा चेहराच पडला. मणी वाटाण्याएवढे, गच्च दाटीचा घड, आत बिया, साल जाड. "विरळणी केली नाही का गं?" ती म्हणाली, "नाही काका, आम्हाला असाच लागतो." मामांना हे पटायला वेळ लागला. त्यांचं सगळं आयुष्य मणी फुगवण्यात गेलं. जीएचे डीप द्यायचे (म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकात घड बुडवायचे), घडातले मणी काढून जागा करायची, साल पातळ आणि खाताना कुरकुरीत राहील हे बघायचं. 16-18 मिलिमीटरच्या आत मणी राहिला तर निर्यातीचा माणूस नाक मुरडतो. इथे बरोबर उलट. वाइनचा रंग, तुरटपणा आणि वासाचा मोठा भाग सालीत असतो. मणी लहान असला की रसाच्या मानानं साल जास्त मिळते. मणी फुगला तर वाइन पाणचट होते.

मग दोघांची जी जुंपली ती थांबेना. कलमाखालचा खुंट कोणता, डॉगरिज जातीचा का? यंदा भुरीचा रोग किती आला? डावणीच्या रोगाला काय मारलं? वेली मांडवावर न घेता तारांवर उभ्या का वाढवल्या? तिनं खिशातून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, काढून मण्याचा रस काचेवर पिळला तेव्हा मामा खूष झाले. हे यंत्र त्यांच्या घरीही आहे. फरक आकड्यात. खायचं द्राक्ष 18-19 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे साखरेचं माप) तोडलं तरी चालतं. लाल वाइनच्या द्राक्षाला 23-24 पर्यंत थांबतात, कारण हीच साखर पुढे अल्कोहोल होते. पण नुसती साखर चढून भागत नाही, आंबटपणाही टिकायला हवा. नाशिकच्या पठारावर हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री कडक थंडी असते, तिचा उपयोग इथे होतो. तोडणीही भल्या पहाटे उरकतात. उन्हात तापलेला माल आला तर रस काळवंडतो आणि वास उडून जातो.

आतला कारखाना मी थोडक्यात सांगते, कारण स्टीलच्या टाक्या सगळीकडे सारख्याच. देठ काढायचं यंत्र, दाबून रस काढणारं यंत्र, मग टाक्या. पांढऱ्या वाइनसाठी साल लगेच बाजूला करतात आणि रस 12 ते 18 अंशांच्या थंडाईत आंबवतात. लाल वाइन सालीसकट आंबते, जरा उबेत. एका टाकीवर चढून आत बघायची परवानगी मिळाली. सालींचा जाड थर वर तरंगत होता आणि खालचा रस पंपानं उचलून त्यावर ओतत होते. "वाकून हुंगू नका," तिनं बजावलं. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो आणि टाकीच्या तोंडाशी साचतो, झटका बसतो. उरलेल्या चोथ्याचं काय करता, हा मामांचा प्रश्न. खत करतात.

पिंपांची खोली मात्र बघण्यासारखी. ओकच्या लाकडाची, 225 लिटरची पिंपं, आतून आगीवर भाजलेली. वाइनला व्हॅनिलासारखा, धुरकट वास येतो तो या लाकडाचा. द्राक्षाचा त्यात काही हात नाही. पिंपं बाहेरून मागवतात, फ्रान्स नाहीतर अमेरिकेतून, आणि काही वर्षांनी लाकडातला वास संपला की ती निवृत्त होतात. महाग वाइन महाग का, यातलं थोडं तिथे कळलं.

मग टेस्टिंग. इथे माझ्या मनात धाकधूक होती. आजूबाजूची माणसं पेला गोल फिरवून, डोळे मिटून काहीतरी भारी बोलतात आणि आपल्याला फक्त "आंबट आहे" एवढंच सुचतं, असं होईल अशी भीती. तसं झालं नाही, कारण तिनं पद्धतच वेगळी ठेवली होती. एकेक पेला देऊन मत विचारायच्या ऐवजी दोन-दोन पेले शेजारी ठेवले. एकट्या वाइनबद्दल नवख्याला काही सांगता येत नाही. दोन ठेवल्या की लहान मूलसुद्धा फरक सांगेल. माझ्या मते सगळ्या टेस्टिंग रूमनी हेच करावं.

पहिली जोडी पांढरी, शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां; ही द्राक्षांच्या जातींचीच नावं. दोन्ही थंडगार, 8-10 अंशांवर. पेला दांडीला धरायचा, नाहीतर तळहाताच्या उबेनं वाइन तापते. फिरवायचा तो देखावा म्हणून नाही, वाइन काचेवर पसरली की वास सुटतो. आधी न फिरवता हुंगा, मग फिरवून हुंगा, फरक लगेच कळतो. शेनिनमध्ये थोडी साखर राखलेली होती, आपल्याकडे बहुतेक शेनिन तशीच करतात. सोव्हिन्यों एकदम कोरडी, म्हणजे गोडवा नाहीच. पिणार नसलेल्या मामांनी पेला नाकाशी नेला आणि म्हणाले, "ढोबळी मिरची." मला हसू आलं, पण ती म्हणाली बरोबर आहे. या जातीच्या द्राक्षात आणि हिरव्या ढोबळीत एकाच कुळातली द्रव्यं असतात. द्राक्ष जरा आधी तोडलं तर तो वास जास्त येतो. नीट पिकलं तर पेरूकडे झुकतो. मी परत हुंगलं आणि मग मला पेरूशिवाय दुसरं काही येईना.

थुंकण्याबद्दल सांगते, कारण कुणी सांगत नाही. काउंटरवर एक भांडं ठेवलेलं असतं. चव घेऊन त्यात टाकायचं. आपल्याला ते फार विचित्र वाटतं, चार लोकांत तोंडातलं टाकायचं म्हणजे काय! पण वाइनमध्ये साधारण 12-13 टक्के अल्कोहोल असतं आणि तिसऱ्या पेल्यानंतर सगळंच छान लागायला लागतं. मी पहिली जोडी प्यायले, पुढे मात्र बरंचसं भांड्यात टाकलं. गाडी मामा चालवणार होते, त्यामुळे परतीची चिंता नव्हती. तुमच्याबरोबर असे मामा नसतील तर ड्रायव्हर करून जा.

दुसरी जोडी लाल, शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यों. शिराझला काळ्या मिरीचा वास येतो हे ऐकलं होतं, आणि खरंच येतो, मिरीत असतं तेच द्रव्य त्यात सापडतं. कॅबर्नेचा घोट घेतला आणि जांभूळ खाल्ल्यावर होते तशी जीभ जड झाली. हे टॅनिन. साल आणि बियांतून येतं आणि लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. मला ते झेपलं नाही. तसं सांगितल्यावर तिनं चीजचा एक तुकडा दिला आणि परत घोट घ्यायला लावला. तुरटपणा निम्म्यावर आला. म्हणजे काही वाइन नुसत्या प्यायच्याच नसतात. मामांचा निकाल मात्र पक्का होता. पिंपातल्या कॅबर्नेचा वास घेऊन ते म्हणाले, "हे जळलंय." लाकूड भाजतात हे दहा मिनिटांपूर्वीच ऐकूनही.

शेवटी उशिरा तोडलेल्या शेनिनची गोड वाइन आली. घड वेलीवरच सुकत ठेवतात, पाणी उडतं आणि साखर दाटते. मामा ताडकन म्हणाले, "म्हणजे बेदाणा करता करता थांबता तुम्ही." ती हसली, पण तिनं ते खोडलं नाही.

खरेदी करताना दोन गोष्टी विचारून घ्या. एक, ही वाइन याच वर्षी प्यायची की ठेवायची. पांढऱ्या बहुतेक ताज्याच चांगल्या, वर्षानुवर्षं कपाटात जपण्यात काही अर्थ नाही. आणि आपल्या घरातलं एप्रिल-मेचं तापमान बघता कुठलीही बाटली उघड्यावर ठेवूच नका. दुसरी गोष्ट, फोडल्यावर किती टिकेल. झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल असंही समजू नका. बुचाला कधीकधी ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो, ती कटकट तरी यात नाही.

मी शेनिनच्या दोन बाटल्या घेतल्या, कारण आमच्या तिखट जेवणाबरोबर थोडी गोडसर, थंड वाइन चालते. लाल वाइनवर झणझणीत रस्सा खाल्ला तर दोन्ही एकमेकांना चढवतात. मामा तोवर काउंटरवर हिशोब करत होते. एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्ष लागतं, हे तिच्याकडून काढून घेतलं होतं. बाटलीवरची किंमत, द्राक्षाचा करारातला भाव, काच, पिंप, कर. परतीच्या वाटेवर दिंडोरी मागे पडेपर्यंत तेच चाललं होतं. ओझरच्या अलीकडे त्यांनी निकाल दिला, "भाव आधी ठरतो ते चांगलं. पण मणी तेवढा बारीक ठेवायला माझं मन धजायचं नाही."