आमची वाटचाल : उताऱ्याची वही

वेंगुर्ले तालुक्यातला आमचा काजू कारखाना लहान आहे. बीची खरेदी मार्च ते मे, साधारण बारा आठवडे चालते. मृग लागेपर्यंत गोदामात जी बी आली तिच्यावर पुढचे आठ-नऊ महिने फोडणी, सोलणी, विक्री. पैसा तीन महिन्यांत बाहेर जातो आणि परत यायला वर्ष लावतो. त्यामुळे विक्री वाढली म्हणून नफा वाढेलच असं नाही, आणि कागदावर नफा दिसला तरी बँकेचा हप्ता भरायला हातात रोकड असेलच असं नाही. आमची वाटचाल म्हणजे हा फरक ओळखून एकेक वही कशी उभी राहिली त्याची हकिकत आहे. आधी रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही), मग लॉटवही (प्रत्येक खरेदीची वेगळी नोंद), मग रोख अंदाजपत्रक. अशाच धंद्यात असणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून आकड्यांसकट लिहितो. खालचे भाव हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत, आजचे बाजारभाव नव्हेत.

रोजमेळ आणि खतावणी (खातेवार नोंद) चोख असली तरी काजूचा हिशोब कळत नाही, कारण सगळी बी ‘काजू खरेदी’ या एकाच खात्यात पडते. मार्चमधली भरीव, उन्हात वाळलेली बी आणि मेअखेरीची, अवकाळी पावसात भिजलेली बी यांची सरासरी निघते. त्या सरासरीत तोट्याचा लॉट लपतो. म्हणून प्रत्येक खरेदीला लॉट नंबर द्यायचा आणि बीबरोबर तो नंबर गराच्या डब्यापर्यंत न्यायचा. लॉटवहीत तारीख, गाव, पोती, बारदानाची वजावट, निव्वळ वजन, ओलावा, किलोत किती बिया बसल्या आणि फोडून पाहिल्यावर काय निघालं, एवढं असलंच पाहिजे.

फोडून पाहणं म्हणजे वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून-मधून-तळातून बी काढायची, ढीग मिसळायचा आणि त्यातली बरोबर एक किलो घ्यायची. बिया मोजायच्या. वेंगुर्ला-७ ची बी सुमारे १० ग्रॅमची, म्हणजे किलोत शंभरेक. गावठी बारीक बीच्या किलोत त्याच्या दीडपट-दुप्पट बिया भरतात. मग सगळ्या फोडून चांगला गर, डागी किंवा अपक्व गर आणि फेकायचा गर वेगळा तोलायचा. चांगल्याचं पूर्ण वजन आणि डागीचं अर्धं वजन धरायचं. बेरीज २७२ ग्रॅम आली तर तो व्यापाऱ्यांच्या भाषेत ४८ पौंडांचा माल, म्हणजे ८० किलोच्या पोत्यात ४८ पौंड गर. आफ्रिकेतून येणाऱ्या बीचे सौदे याच मापाने होतात, म्हणून दोन्ही मापं लिहून ठेवलेली बरी. इथे एक चूक नेहमी होते. गर सालीसकट आणि ओला तोलला जातो आणि तोच उतारा (बीच्या वजनात किती टक्के गर निघाला ते प्रमाण) कारखान्यात मिळेल असं धरलं जातं. बोर्म्यात (गर सुकवायच्या भट्टीत) सुकून साल निघाली की वजन कमी होणारच. ती तूट नमुन्याच्याच वेळी वजा करायची.

आता एक लॉट पूर्ण पाहू. १,००० किलो बी, १३० रुपये किलो, म्हणजे १,३०,००० रुपये. ओलावा १५ टक्के. बीत सुकं द्रव्य ८५० किलो. उन्हात वाळवून ओलावा ८ टक्क्यांवर आणला की वजन राहतं ९२४ किलो. ७६ किलो पाणी आपण १३० रुपयांनी विकत घेतलं होतं. खरा दर १४१ रुपये झाला. या ९२४ किलोंतून २८ टक्के उतारा पडला तर गर २५९ किलो, आणि एक किलो गरात नुसत्या बीचा खर्च ५०२ रुपये. उतारा २६ टक्के पडला तर गर २४० किलो आणि खर्च ५४१ रुपये. दोन टक्क्यांनी किलोमागे ३९ रुपये गेले. किलोला रुपया-दोन रुपये कमी करण्यासाठी दारात तासभर घासाघीस होते, पण ओलावा मापकाची सुई कोणी पाहत नाही. आमच्या मते खरेदीच्या जागी ओलाव्याचा मीटर आणि फोडायचा अडकित्ता या दोन वस्तू पाहिजेतच. बाकी सगळं नंतर घेता येतं.

उतारा कितीही पडला तरी भाव ठरतो तो आख्ख्या गरावर. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० आख्खे गर. डब्ल्यू-२४० त्याहून मोठा, म्हणून महाग. फुटला की तोच गर पाकळीत, तुकड्यात नाहीतर कणीत जातो. म्हणून फुटीची वही वेगळी ठेवायची आणि फूट कुठे झाली ते त्याच दिवशी लिहायचं. फोडणीत फुटली तर बी आकाराप्रमाणे चाळलेली नव्हती, वाफ कमी बसली किंवा वाफवल्यावर रात्रभर निवू दिली नाही. बोर्म्यानंतर फुटली तर गर जास्त सुकून ठिसूळ झाला. सोलणीत फुटली तर गर कमी सुकला, साल चिकटून राहिली आणि सुरीने खरवडावी लागली. कारण वेगळं, उपायही वेगळा. महिन्याच्या शेवटी ‘तुकडा जास्त पडला’ एवढंच कळलं तर त्याचा काही उपयोग नाही.

सोलणीची मजुरी नुसत्या किलोवर ठेवली की हात घाईत चालतात आणि तुकडा वाढतो. बायकांचा त्यात दोष नाही, दराच्या पद्धतीचा आहे. मूळ दर किलोवर आणि आख्ख्या गरावर वाढीव दर ठेवला की फूट कमी होते आणि त्यांच्या हातातही जास्त पडतं. सकाळी दिलेला गर आणि संध्याकाळी परत आलेला आख्खा, पाकळी, तुकडा, साल यांची बेरीज त्यांच्यासमोरच जुळवायची. पावसाळ्यात उघडा गर हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि संध्याकाळचं वजन फसवं येतं. म्हणून गर बोर्म्यातून निवला की लगेच तोलायचा.

या रोजच्या नोंदींनी खरंच फरक पडतो का, याचा एक पक्का अभ्यास आपल्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला झालेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेच्या संशोधकांनी २००८ पासून तारापूर आणि उंबरगाव भागातल्या १७ कापड कंपन्यांत प्रयोग केला. यंत्रांची देखभाल, दोषांची रोजची नोंद, साठ्याची मोजणी, कामाची विभागणी अशा ३८ पद्धती ठरवल्या आणि काही कारखान्यांना त्या बसवून द्यायला पाच महिने सल्लागार दिले. पहिल्या वर्षातच त्या कारखान्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. दोष कमी झाले, साठा उतरला. काही वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा बसवलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या होत्या. मुख्य कारणं दोन: व्यवस्थापक बदलला आणि मालकांना वेळ उरला नाही. तरीही ते कारखाने इतरांच्या पुढे होते. आम्ही यातून घेतलं ते हे की वही एका माणसाच्या सवयीवर अवलंबून ठेवायची नाही. उताऱ्याची वही फोडणीच्या मुकादमाने लिहायची, हिशोबनिसाने शनिवारी तपासायची, आणि दोघांची सही नसेल तर त्या लॉटची विक्री किंमत ठरवायची नाही.

दर्जावार खर्च काढताना बहुतेक लहान कारखाने वजनाने भागतात. वरच्याच लॉटमध्ये बी १,३०,००० आणि वाफ, फोडणी, सोलणी, पॅकिंग ३४,२०० रुपये. टरफलं तेलवाल्याला विकून आलेले ४,२०० वजा केले की खर्च १,६०,०००. (टरफलाचे पैसे ‘इतर उत्पन्न’ म्हणून न दाखवता मालाच्या खर्चातून वजा करायचे, लेखा मानक २ मध्ये, म्हणजे साठ्याचं मूल्य धरण्याच्या नियमात, उपउत्पादनासाठी हीच रीत आहे.) २५९ किलोंनी भागलं तर सरसकट ६१८ रुपये किलो. माल असा निघाला: आख्खा १७० किलो, भाव ८००, पाकळी ६५ किलो, भाव ६८०, कणी २४ किलो, भाव ५००. वजनाच्या हिशोबाने कणी किलोमागे ११८ रुपये तोट्यात आणि आख्खा १८२ रुपये नफ्यात. दोन्ही आकडे खोटे आहेत, कारण कणीसाठी वेगळी बी कोणी घेतलेली नाही. विक्रीमूल्याने वाटणी करायची. सगळ्या मालाचं मूल्य १,९२,२०० रुपये, खर्च त्याच्या ८३ टक्क्यांहून थोडा जास्त. मग आख्ख्याला ६६६, पाकळीला ५६६, कणीला ४१६ रुपये खर्च पडतो. वर्षअखेरीला गोदामात कणी उरली आणि तिला ६१८ लावले तर ताळेबंदात नसलेली संपत्ती दिसते. मानकाप्रमाणे साठा खर्च आणि निव्वळ विक्रीमूल्य यांतल्या कमी आकड्यालाच धरायचा.

आता पैशाकडे. बँका लहान उद्योगाचं खेळतं भांडवल बहुधा रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या सूत्राने काढतात: अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के गरज, त्यातले २० टक्के बँकेचे, ५ टक्के मालकाचे. दोन कोटींच्या उलाढालीला गरज ५० लाख, बँक ४० देणार. या सूत्रात पैसा वर्षातून चार वेळा फिरतो असं धरलेलं आहे. काजूत तो तसा फिरत नाही. दोन कोटींच्या विक्रीला वरच्या प्रमाणात सुमारे १ कोटी ३५ लाखांची बी लागते आणि ती बारा आठवड्यांत घ्यायची असते. सूत्राने मिळालेली मर्यादा एप्रिलमध्येच संपते आणि नेमक्या चांगल्या बीच्या वेळी हात आखडतो. हंगामी उद्योगासाठी रोख अंदाजपत्रकाची पद्धत आहे, तीच मागायची. बारा महिन्यांची आवक-जावक मांडायची, मेअखेरचं शिखर दाखवायचं आणि दिवाळीनंतर मर्यादा कशी उतरेल तेही लिहायचं. उतरण दाखवली नाही तर शिखर कोणी मंजूर करत नाही.

मर्यादा मंजूर झाली तरी उचल मिळते ती आहरण शक्तीपुरती, म्हणजे साठा आणि येणी यांवरून निघणाऱ्या रकमेपुरती, जिला बँकेत सगळे डीपी म्हणतात. साठा ६० लाख, त्यातली न फेडलेली देणी १० लाख, उरले ५०. २५ टक्के मार्जिन (मालकाने स्वतः घालायचा हिस्सा) गेलं, ३७.५० लाख. नव्वद दिवसांच्या आतली येणी १६ लाख, ४० टक्के मार्जिन गेलं, ९.६० लाख. डीपी ४७.१० लाख, मर्यादा ५० असली तरी. मे महिन्यात ओल्या वजनाने साठा लिहिला तर जूनमध्ये वाळल्यावर तो घटतो आणि डीपी एकदम खाली येते. म्हणून स्टॉक स्टेटमेंट (बँकेला द्यायचं साठ्याचं पत्रक) आम्ही वाळलेल्या वजनावरच भरतो. दिवाळीची उधारी नव्वद दिवसांपलीकडे गेली की ती गणतीतून बाहेर पडते, आणि तेव्हाच पुढच्या हंगामाची तयारी सुरू असते.

रोख अंदाजपत्रकात हमखास विसरतो तो जीएसटी. शेतकऱ्याकडून घेतलेल्या न सोललेल्या काजू बीवर कर खरेदीदाराने भरायचा असतो, ५ टक्के, आणि तो रोखच. जमा असलेल्या क्रेडिटमधून (खरेदीवर आधी भरलेल्या कराच्या वजावटीतून) वळता होत नाही. १ कोटी ३५ लाखांच्या खरेदीवर ६ लाख ७५ हजार. क्रेडिट त्याच विवरणपत्रात मिळतं, पण गर विकला जाऊन त्याच्यावर कर लागेपर्यंत ते नुसतं पडून राहतं. प्रत्येक खरेदीचं स्वतःचं बीजक आपणच काढायचं. हंगामानंतर एकगठ्ठा काढायला बसलं की तारखा आणि वजनं जुळत नाहीत. रोखीचंही तसंच. एका दिवसात एकाला दहा हजारांवरची रोख आयकरात खर्च म्हणून धरली जात नाही. शेतमालासाठी प्रत्यक्ष पिकवणाऱ्याला दिलेल्या रकमेला सूट आहे. गावोगाव फिरून बी गोळा करणारा मध्यस्थ शेतकरी ठरत नाही. म्हणून पावतीवर बागायतदाराचं नाव, गाव, सही आणि सातबाऱ्यावरची काजूची नोंद पाहिल्याची खूण ठेवायची, मध्यस्थाला मात्र बँकेतूनच द्यायचं.

उधारीबाबत थोडक्यात. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून मुदत उलटलेली रक्कम प्रत्यक्ष फेडेपर्यंत घेणाऱ्याला खर्चात धरता येत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापायची. मुंबईतल्या मशीद बंदरचा व्यापारी मार्चमध्ये हिशोब मिटवायला स्वतः फोन करतो, त्याचं हे एक कारण आहे.

घरचा आणि कारखान्याचा पैसा वेगळा ठेवणं सोपं वाटतं आणि चतुर्थीत तेच मोडतं. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या लहान व्यावसायिकांवरचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला रीतसर हिशोबशास्त्र शिकवलं, दुसऱ्याला पैसे वेगळ्या कप्प्यांत ठेवण्यासारखे मोजके साधे नियम. फरक दिसला तो दुसऱ्या गटात. आम्ही म्हणूनच दरमहा ठरलेली उचल एक तारखेला घरच्या खात्यात टाकतो; चतुर्थीचा आणि लग्नाकार्याचा खर्च त्यातूनच.

३१ मार्च काजूवाल्यासाठी अवघड तारीख आहे. जुना गर संपत आलेला, नवी बी अंगणात वाळत पडलेली. त्या संध्याकाळी आलेली बी साठ्यात धरली आणि पैसे दोन एप्रिलला देणार म्हणून देण्यात धरली नाही, तर नफा तेवढ्याने फुगतो. त्यामुळे त्या दिवशी शेवटच्या खरेदी पावतीचा नंबर वहीत लिहून खाली रेघ मारायची, आणि अंगणातल्या बीचा ओलावा घेऊन वाळलेलं वजन काढायचं. खतावणीचं वर्ष एप्रिल-मार्च असलं तरी लॉटवही आम्ही फेब्रुवारी ते जानेवारी चालवतो, म्हणजे एक हंगाम एकाच वहीत राहतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याची वार्षिक पडताळणी त्यामुळे फेब्रुवारीतच करून घेतो, पहिलं पोतं दारात येण्याआधी.