मुलुंडची मीटिंग

परवा एका जुन्या मित्राचा मेसेज आला, "तू ते एए की काय जातोस ना, कुठे असतं रे ते, माझ्या एका ओळखीच्या माणसासाठी हवंय." ओळखीचा माणूस म्हणजे कोण ते मला लगेच कळलं, कारण मीसुद्धा पहिल्यांदा ओळखीच्याच माणसासाठी चौकशी केली होती 😀

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा ग्रुप, तिथे मीटिंगा असतात. मी डोंबिवलीत राहतो आणि पहिली मीटिंग निवडली मुलुंडची. कारण एकच, कोणी बघायला नको. गंमत अशी की स्टेशनबाहेरच्या बारमध्ये जाताना मला कधी कोणाची लाज वाटली नव्हती, सोसायटीतल्या दोघातिघांनी मला रिक्षातून धरून उतरवलं होतं, म्हणजे लपवायला काही शिल्लकच नव्हतं, पण दारू सोडायला चाललोय हे कोणाला कळलं तर काय म्हणतील याची मात्र भीती.

शोधणं तसं सोपं आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या भारताच्या वेबसाइटवर मीटिंगची माहिती मिळते, हेल्पलाइन आहे, मराठी हिंदी इंग्रजी सगळ्या भाषांतल्या मीटिंगा असतात. मी फोन केला तर पलीकडच्या माणसाने नाव विचारलं नाही, किती पिता विचारलं नाही, फक्त म्हणाला "आज घेतलीय का? घेतली असली तरी या, फक्त शांत बसा." मला वाटलं होतं लेक्चर देणार.

मुलुंडला शाळेचा वर्ग होता. मी खाली गेटजवळ पंधरा-वीस मिनिटं फोन कानाला लावून उभा, पलीकडे कोणीच नाही. शेवटी वर गेलो, तिसरीच्या मुलांच्या बाकांवर टक्कल पडलेले बाप्ये गुडघे वर करून बसलेले, फळ्यावर पाढे. रजिस्टर नाही, फी नाही, आडनाव नाही. एकेक जण उठतो, "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे" म्हणतो आणि स्वतःचं सांगतो, मधे कोणी बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. एका काकांनी सांगितलं की ते बाटली बाथरूमच्या फ्लशच्या टाकीत लपवायचे. मी दचकलोच, मला वाटत होतं ही आयडिया फक्त माझी आहे.

एक गोष्ट मात्र मी चुकीच्या क्रमाने केली ती सांगतो. रोज पिणाऱ्याने एका झटक्यात बंद करू नये, आधी डॉक्टर. माझे हात इतके थरथरायला लागले की शर्टाचं बटण लागेना, दुसऱ्या रात्री तर भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, बायकोने भावाला बोलावून ॲडमिट केलं. फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. मीटिंगमध्ये औषध मिळत नाही, तिथे फक्त माणसं मिळतात. ज्यांना राहून उपचार हवेत त्यांच्यासाठी पुण्यात मुक्तांगण आहे, डॉ. अनिता अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेलं, आमच्या ग्रुपमधले दोघे तिथून आलेले.

तर मुलुंड. तीन महिने जात होतो. मग पावसाळा आला, ट्रेन लेट, ऑफिसमधून उशीर, "आज राहू दे" सुरू झालं. एका गुरुवारी मुलुंडला जायला निघालो आणि ठाण्यालाच उतरलो, का उतरलो ते मला आणि त्या परमिट रूमच्या वेटरला माहीत. आमच्यात त्याला स्लिप म्हणतात. शब्द कसा हलका वाटतो ना, केळीच्या सालीवरून पाय घसरल्यासारखा, प्रत्यक्षात चार दिवस गेले.

परत गेलो तेव्हा कोणी तोंड वाकडं केलं नाही. फक्त माझा स्पॉन्सर, म्हणजे मला सांभाळून घेणारा ग्रुपमधला जुना मेंबर, म्हणाला, "तुझ्या घरापासून बार किती लांब?" म्हटलं सात मिनिटं. "मग मीटिंग दीड तास लांब कशाला?"

त्यानंतर डोंबिवलीतलीच मीटिंग धरली. आणि अर्थातच पहिल्याच दिवशी ओळखीचा निघाला, आमच्या बँकेतला कॅशियर. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे, झालं. आजही बँकेत तो मला नेहमीसारखंच "सही करा" म्हणतो, एक अक्षर जास्त नाही.

सगळं आवडतं असं नाही. काही जुने लोक तीच कथा दर आठवड्याला तीच वाक्यं घेऊन सांगतात, घड्याळाकडे बघावं लागतं. देवाचं बोलणं निघालं की मी सुरुवातीला कानात बोळे घालायचो, मग कळलं की आपापला देव चालतो, नसला तर ग्रुपलाच देव माना म्हणतात. मी अजून मधेच कुठेतरी आहे. शेवटी डबा फिरतो, दहा-वीस रुपये टाकायचे, नसले तर नाही, बाहेरच्या कोणाची देणगी ते घेतच नाहीत, हे मला फार आवडतं.

बायको अल-अनॉनला जाते, ते घरच्यांसाठी असतं. तिथे काय बोलते सांगत नाही, पण माझे खिसे तपासायची बंद झालीय.

मित्राला मी लिहिलं, "ओळखीच्या माणसाला म्हणावं घराजवळची मीटिंग बघ." दोन निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. आज गटारी आहे, आमची मीटिंग नेहमीसारखीच साडेसातला, आणि चहाची पाळी माझी. दूध घेऊन जायचंय, थांबतो.