खेळायचे आणि खेळायचा

ध्यानचंद हॉकी खेळायचे. धनराज पिल्ले हॉकी खेळायचा. दोन्ही वाक्यं बिनचूक आहेत, आणि दुपारच्या चहाला 'दोघांत थोर कोण' हा वाद निघतो तेव्हा तो खरं तर क्रियापदातच मिटलेला असतो. अरेतुरे म्हणजे मान कमी, असं अजिबात नाही. खडकीच्या पोराला 'ते धनराज' म्हटलं तर तोच दचकून मागे वळून बघेल. पण ज्याला आपण अहोजाहो करतो त्याचे गोल मोजत बसत नाही, लांबूनच नमस्कार करतो. ज्याला अरेतुरे करतो त्याच्या चुका मात्र तारीखवार लक्षात असतात. २००० साली सिडनीत पोलंडने अगदी शेवटी बरोबरी साधली आणि भारताची उपांत्य फेरी हुकली. तो गोल धनराजने खाल्ला नव्हता, तरी बोलताना लोक त्याच्याच खात्यावर मांडतात.

बरं, मोजूच म्हटलं तर कसं मोजणार? १९२८ च्या ॲमस्टरडॅममध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले, एकही खाल्ला नाही. त्यातले १४ ध्यानचंद यांचे. आकडा दणदणीत आहे. पण १९३२ च्या लॉस एंजेलिसमध्ये मिळून तीनच संघ होते आणि अमेरिकेवर २४–१ असा विजय मिळाला, हे कळलं की त्या दणक्यातली थोडी हवा जाते. १९३६ च्या बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीवर ८–१. त्यात ध्यानचंद यांचे किती? कुठे तीन, कुठे चार, कुठे सहा! गोल आठच होते आणि बघणारे हजारो होते, तरीही. धनराजचंही तेच. सामने ३३९, ऑलिंपिक चार, विश्वचषक चार, आशियाई स्पर्धा चार, आणि गोल? 'शंभर-सव्वाशेच्या वर, १७० च्या आसपास.' आसपास म्हणे. धोब्याकडे दिलेल्या कपड्यांचासुद्धा हिशेब याहून चोख असतो.

मग कुणीतरी हुशारी करतं: गोल नको, वाटा काढा. संघाच्या गोलांपैकी एकट्याचे किती? १९५२ मध्ये हेलसिंकीत भारताचे १३ गोल, त्यात बलबीर सिंग यांचे ९. नेदरलँड्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात सहापैकी पाच. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यातला पुरुषांमधला तो विक्रम अजून तसाच आहे. २०२४ च्या पॅरिसमध्ये भारताचे १५, हरमनप्रीत सिंगचे १०. ॲमस्टरडॅमचे २९ पैकी १४ या हिशेबात त्या दोघांच्या मागे पडतात. १९३२ चा वाटा काढला तर पंचाईतच: ३५ पैकी १२, कारण शेजारी धाकटा भाऊ रूपसिंग १३ घेऊन बसलेला. म्हणजे सोबत चांगला खेळाडू असणं हा या मापात गुन्हा ठरतो. हे माप काढणाऱ्याने बहुधा आधी बलबीर यांचं नाव लिहिलं असावं आणि मग पट्टी शोधली असावी. त्यात वावगं काही नाही, सगळेच तसं करतात.

हरमनप्रीतचे दहा गोल जरा उलगडून बघण्यासारखे आहेत. सात पेनल्टी कॉर्नरवर, तीन पेनल्टी स्ट्रोकवर (समोर एकटा गोलरक्षक); चालत्या खेळात एकही नाही. नाक मुरडायच्या आधी पेनल्टी कॉर्नरचं काम काय असतं ते बघावं. गोलपोस्टपासून दहा मीटरवर, गोलरेषेवरून चेंडू ढकलला जातो. तो डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर जायलाच हवा. तिथे एक जण स्टिक जमिनीशी आडवी धरून तो थांबवतो. थांबवलेला चेंडू हलकासा जरी उसळला तरी पुढचं सगळं वाया. थेट फटका मारायचा तर गोलरेषा ओलांडताना चेंडू ४६० मिलिमीटरपेक्षा वर असता कामा नये, म्हणजे गोलच्या मागच्या फळीएवढाच. ही मर्यादा फटक्याला आहे, फ्लिकला, म्हणजे स्टिकने चेंडू भिरकावण्याला, नाही. म्हणून ड्रॅग फ्लिक. डावा पाय चेंडूच्या पुढे रोवायचा, मागे राहिलेला चेंडू स्टिकच्या दांड्याशी उचलून ओढत आणायचा, आणि सोडायच्या क्षणी कंबर आधी वळवायची, मग मनगट. मनगट आधी वळलं की चेंडू बाहेर. उशिरा वळलं की पहिल्या धावून येणाऱ्याच्या गुडघ्यावर. समोर गोलरक्षक धरून पाच जण, त्यातले चार मुखवटे लावलेले, काही थेट अंगावर धावत येणारे. ध्यानचंद यांच्या काळात ही नोकरीच निघालेली नव्हती. पेनल्टी स्ट्रोकसुद्धा १९६३ चा.

उलट ध्यानचंद यांची नोकरी आता बंद पडली आहे. तेव्हाचा ऑफसाइड तीन माणसांचा होता: पास सुटताना तुमच्या आणि गोलरेषेच्या मधे प्रतिस्पर्ध्यांचे किमान तिघे हवेत. बॅक दोनच असायचे; त्यातला एक चार पावलं पुढे सरकला की सेंटर फॉरवर्ड अडकला. त्यामुळे चेंडू मागे राहून घ्यायचा आणि उरलेली वाट स्टिकवर चेंडू घेऊन स्वतः काढायची. ड्रिबल ही तेव्हा पोटापाण्याची गोष्ट होती. १९७२ मध्ये तिनाचे दोन झाले आणि १९९६ पासून ऑफसाइडच गेला. आज फॉरवर्ड गोलरक्षकाच्या कुशीत उभा राहून येणाऱ्या चेंडूला नुसती स्टिक लावून दिशा बदलतो. तेही सोपं नाही, पण तो धंदा वेगळा.

आणि जमीन. गवतावर चेंडू सरळ येतच नाही. खुरटलेल्या जागी थबकतो, टणक जागी उडतो. म्हणून आधी तो मेल्यासारखा थांबवायचा, मग खेळायचं. हाताने थांबवायलाही तेव्हा मुभा होती. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, चेंडू रुळावरून आल्यासारखा येतो, पण वेगात. थांबवायला गेलात की उशीर झाला. कमरेत वाकून पहिल्या स्पर्शातच त्याला आपल्या पुढच्या वाटेवर घालायचा. गवतावर जे कसब होतं, तेच टर्फवर वेळकाढूपणा ठरतं.

हे कल्पनेतलं नाही, प्रयोग होऊन गेला आहे. मार्च १९७५ मध्ये क्वालालंपूरला गवतावर अजितपाल सिंगच्या संघाने पाकिस्तानला २–१ हरवून विश्वचषक जिंकला. निर्णायक गोल अशोककुमारचा, म्हणजे ध्यानचंद यांच्याच मुलाचा. सोळा महिन्यांनी माँट्रियलला ऑलिंपिक पहिल्यांदा टर्फवर झालं. कर्णधार तोच, अशोककुमार तोच, भारत सातवा. एवढ्यात कुणाचं मनगट झिजत नाही.

'ध्यानचंद आजच्या टर्फवर चालले असते का?' हे सगळे विचारतात. हरमनप्रीतला पावसाने भिजलेल्या बर्लिनच्या गवतावर तुतीच्या लाकडाची स्टिक देऊन उभा करा, असं कुणी म्हणत नाही. बर्लिनच्या त्या अंतिम सामन्यात मध्यंतराला १–० च होतं. मग ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट काढून टाकले, असं सांगतात. धनराजचं मात्र तिथे फारसं अडलं नसतं. मोडक्या, बांधून घेतलेल्या स्टिकने धुळीच्या मैदानावर शिकलेला माणूस. त्याचा चेंडूही आधी उडायचा आणि मग ऐकायचा.

शिखर म्हणजे तरी किती वेळ? बलबीर यांचं सत्तर मिनिटांत मावतं. ध्यानचंद यांचं आठ वर्षांचं, आणि तेही मधेच तोडलेलं. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक महायुद्धाने खाल्ली.

आणि मोहम्मद शाहिद? त्याला कुठल्या पट्टीत बसवायचं? १९८० च्या मॉस्कोत तो वीस वर्षांचा. सर्वाधिक गोल सुरिंदर सिंग सोधीचे, आणि अनेकांच्या आठवणीत मात्र शाहिद. ड्रिबल म्हणजे डाव्या हाताने स्टिक फिरवायची आणि उजवा हात बांगडीसारखा सैल ठेवायचा, एवढंच असतं. उजवा आवळला की स्टिक वळत नाही. शाहिदचा उजवा हात इतका सैल, की तो चेंडू ढकलणार की मारणार हे समोरच्याला चेंडू गेल्यावर कळायचं. स्टिक मागे न नेता, अर्धा पुश आणि अर्धा हिट असं काहीतरी ते होतं. समोरचा बॅक कुल्ल्यांवर बसल्याची नोंद कुठल्याच गुणफलकात होत नाही.

मोहम्मद शाहिद २०१६ च्या जुलैत गेला. 'गेले' म्हणायला अजून जीभ वळत नाही.