मामाच्या सीडी हंड्रेडचा कॅम

देवगडच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं, तरी मामाने आपली हिरो होंडा सीडी हंड्रेड पडवीत ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी चालवणं बंद, आणि विकायचा विषय काढला की मामाला नेमकी आंब्याची फवारणी आठवायची. ताडपत्रीखाली दमट हवा कोंडून राहते, त्यापेक्षा गाडी उघडी असती तर बरं. त्यात ‘जाम होऊ नये’ म्हणून शेजारचा मुलगा अधूनमधून येऊन पाच मिनिटं इंजिन चालू करायचा आणि बंद करून जायचा. हे तर सगळ्यात वाईट. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन नीट तापलं तर ती ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाला श्वास सोडू देणाऱ्या नळीतून, निघून जाते, नाहीतर आतच गार होऊन लोखंडावर थेंब धरते. मुलाचा हेतू चांगला होता, म्हणून त्याला काही बोलले नाही.

आजकालच्या वाचकांसाठी थोडं सांगते. 1980च्या दशकाच्या मध्यावर जपानी कंपन्यांच्या भागीदारीतून 100 सीसीच्या मोटरसायकली आपल्याकडे आल्या, त्यात हिरो होंडा तेवढी फोर-स्ट्रोक होती. बाकीच्या टू-स्ट्रोक. राजदूत आणि येझदीही टू-स्ट्रोकच. टू-स्ट्रोकमध्ये कॅमच (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे असलेला फिरता दांडा) नसतो, त्यामुळे तो गंजायचाही प्रश्न नसतो. सीडी हंड्रेड 1985 सालची, इंजिन 97.2 सीसी, आणि कॅम वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या टोपीत. ‘वर’ म्हणायचं एवढंच, कारण हिचा सिलिंडर जवळजवळ आडवा, पुढे झोपलेला. इनलेटचं, म्हणजे पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचं, टॅपेट झाकण वरच्या अंगाला; एक्झॉस्टचं, म्हणजे धूर सोडणाऱ्याचं, खालच्या.

या झोपण्याचा गंजाशी थेट संबंध आहे. उभी राहिलेली गाडी हळूहळू तेल खाली सोडते. हेडच्या खालच्या खणात, एक्झॉस्टच्या रॉकरपाशी (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला पोचवणारा तो रॉकर), थोडं तेल साचून राहतं. वरचा भाग मात्र कोरडा पडतो. मामाच्या गाडीचं वरचं झाकण उघडल्यावर टॉर्चच्या उजेडात इनलेट रॉकर विटकरी रंगाचा दिसला. खालचं झाकण उघडलं तर काळं, चिकट, पण तेल. दोन्ही रॉकर एकाच इंजिनातले आहेत असं वाटेना.

किक मारायची नाही, हा पहिला नियम. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर तेल सोडलं, रात्रभर ठेवलं आणि सकाळी मॅग्नेटच्या नटावर पाना लावून हाताने फिरवलं. जड, पण फिरलं. मग फ्लायव्हीलची ‘टी’ खूण (पिस्टन टोकाला आल्याची) जुळवून घेतली, टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट जुळवणारे स्क्रू, ढिले केले, डाव्या बाजूचं गोल झाकण आणि कॅम फिरवणाऱ्या चेनचा स्प्रॉकेट (दातेरी चाक) काढला. चेन तारेने बांधून ठेवली आणि तिच्या पोकळीत चिंधी कोंबली. त्या पोकळीत बोल्ट पडला की अर्धं इंजिन खोलावं लागतं.

कॅम बाहेर आल्यावर तिथला मिस्त्री, म्हणजे बाबू, लगेच झिरो नंबरचा पॉलिश पेपर घेऊन आला. “ताई, ह्यां पॉलिश करून बसवूया. आत कोण बघता?”

रॉकर बघतो, असं मी म्हणाले. बाबू हसला, पण पेपर काही त्याने खाली ठेवला नाही.

माझं पोट भोसरीच्या एका कारखान्यात माप तपासण्यावर चालतं, त्यामुळे चकाकी दिसली की मला आधी शंका येते. लोबच्या, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्याच्या, पृष्ठभागाचा थर कडक केलेला असतो आणि त्याचा आकार ठरवून घासलेला असतो. पेपर हातात धरून घासला की टोक चपटं होतं, बाजूंना लाटा येतात. गंज जातो, व्हॉल्व्ह मात्र पूर्वीइतका उघडत नाही. म्हणून आधी फक्त धुवायचं. ताटात डिझेल, जुना टूथब्रश, मग तेलात बुडवलेली अगदी बारीक स्टीलवूल, आणि बोटाचा जोर नको. मामी स्वयंपाकघरातून चिंचेचा कोळ देऊ करत होती, तांब्याच्या घागरी तिने आयुष्यभर त्याने लखलखीत ठेवल्या आहेत. पण आंबट पदार्थ गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातो, आणि धुतल्यावर ओलं राहिलेलं लोखंड बघता बघता पुन्हा पिवळं पडतं.

धुतल्यावर निम्मा गंज ताटात उतरला. खाली जे उरलं तेच खरं वाचायचं. लोबची गोल बाजू, जिथे रॉकर असतो तेव्हा व्हॉल्व्ह बंद असतो, तिथे करडे डाग होते. ते चालतात. त्या भागात टॅपेटचा गॅप असतो, रॉकरवर स्प्रिंगचा दाब येतच नाही. चढाची बाजू आणि टोक इथे मात्र स्प्रिंगचा सगळा जोर एका बारीक रेषेवर येतो. इनलेट लोबच्या चढावर मी नख फिरवलं. एका ठिकाणी अडकलं. पुन्हा उलट्या दिशेने फिरवलं, तिथेच अडकलं. भिंग लावल्यावर दिसलं: टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, ओळीने, लोबच्या रुंदीभर. डाग असता तर नख सरकलं असतं. असा खड्डा रॉकरच्या चकचकीत पायाला किसतो, आणि मग झिजलेला रॉकर लोबला खातो. बाबूचं नख पानं फिरवून फिरवून बोथट झालेलं, त्यालाही अडकलं. पेपर त्याने तेव्हा खिशात घातला.

कणकवलीत स्पेअर पार्टच्या दुकानात नवा कॅम मागवला आणि काउंटरवरच मायक्रोमीटर काढला. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होता. जुना इनलेट लोब नव्यापेक्षा 80 मायक्रॉनने (0.08 मिमी) बुटका भरला. जुन्याचे इनलेट आणि एक्झॉस्ट एकमेकांशी ताडून उपयोग नाही, दोघांची उंची मुळात सारखी असेलच असं नाही. कॅमच्या दोन्ही टोकांचे बेअरिंग फिरवल्यावर वाळूसारखे करकरत होते, तेही बदलले. आणि रॉकर? दुकानदार म्हणाला, जुनेच चालतील. मी दोन्ही नवे घेतले. खड्डे पडलेल्या लोबवर चाललेला रॉकर नव्या कॅमवर बसवणं म्हणजे नवी जखम मुद्दाम करून घेणं. कॅम-रॉकर जोडीनेच बदलायचे, यावर माझं कुणाशी भांडण झालं तरी चालेल.

बसवताना लोब आणि रॉकरच्या पायाला मॉलिब्डेनमचं ग्रीस लावलं, कारण पहिल्या काही फेऱ्यांना तेल वर पोचलेलं नसतं. फ्लायव्हीलची ‘टी’ केसवरच्या खाचेशी, स्प्रॉकेटवरची ‘ओ’ हेडच्या खाचेशी. टॅपेट थंड इंजिनाला 0.05 मिमी, दोन्ही. जुनं तेल काढल्यावर त्याचा रंग दुधाळ चहासारखा होता, पाणी मिसळल्याचा पुरावा. तळाची जाळीही गाळाने भरली होती. नवं तेल घालून, प्लग न लावता, वरच्या झाकणातून रॉकरवर तेल दिसेपर्यंत किक मारत राहिलो. हे काम बाबूने केलं, मी टॉर्च धरला.

मामा खुर्ची टाकून बसला होता. इंजिन सुरू झालं तसा म्हणाला, “काय गो, आवाज बदललो.” बदलला होता. टकटक गेली होती. पण चेन ताणून धरणारा टेन्शनर अजून किंचित कुरकुरतो, तो पुढच्या फेरीत. तेल शंभर किलोमीटरलाच पुन्हा बदलायला बाबूला सांगून आले आहे, कारण कितीही धुतलं तरी गंजाचा कण कुठल्या ना कुठल्या वाटेत बसलेला असतो.

जुना कॅम मी भोसरीला आणला आहे. लोब आडवा कापून कडक थर नक्की किती जाड आहे आणि खड्डे त्यात किती खोल गेलेत ते मोजायचं आहे. लॅबमधल्या मुलाने शनिवारी मशीन रिकामं असतं असं सांगितलंय. आकडे हातात आले की इथेच टाकते.