क्रमांक पहिला, पण कितीला पडला?

संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत कोणता देश कुठवर पोचला हे सांगणारा शाश्वत विकास अहवाल आला की मी आधी क्रमवारीचं पान उघडतो आणि दोन मिनिटांत वैतागतो. वर फिनलंड, स्वीडन, डेन्मार्क. १७ उद्दिष्टं, १६९ लक्ष्यं, २०३०ची मुदत. एवढा खटाटोप करून कळतं काय, तर श्रीमंत देश पुढे आहेत!

आकड्यांत दिवस घालवणाऱ्या माझ्यासारख्याला यापेक्षा हिशेबाची दुसरी बाजू बघायची असते. अमेरिका आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करते. कोस्टा रिकाचं उत्पन्न मुळात कितीतरी कमी, त्यातला आरोग्याचा वाटाही अमेरिकेच्या निम्म्याहून कमी. तरी तिथलं सरासरी आयुर्मान अमेरिकेच्या तोडीचं, कांकणभर सरसच. निसर्गाचा खर्च धरला तर आणखी गंमत. २०२०च्या मानव विकास अहवालात कार्बन उत्सर्जन आणि साधनसामग्रीचा वापर जमेस धरून मानव विकास निर्देशांक (आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांवरून देशांना दिलेले गुण) पुन्हा काढला, तेव्हा पहिला असलेला नॉर्वे १५ जागा खाली आला. लक्झेंबर्ग तर १३१!

हा हिशेब मांडायची एक रीत म्हणजे डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस, १९७८ साली चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी मांडलेली. एका बाजूला काय ओतलं (पैसा, ऊर्जा, मनुष्यबळ), दुसऱ्या बाजूला काय निघालं. कशाला किती महत्त्व द्यायचं हे प्रत्येक देशाने स्वतःच्या सोयीनं ठरवायचं. एवढी मोकळीक देऊनही त्याच मापानं दुसरा कोणी सरस ठरला, तर मग सबब उरत नाही. मला ही रीत आवडते ती यासाठीच.

पण हीच मोकळीक अंगाशीही येते. सतराच्या सतरा उद्दिष्टं एकदम घातली की जवळजवळ प्रत्येकाला आपली एखादी जमेची बाजू सापडते आणि निम्मी यादी 'शंभर टक्के कार्यक्षम' होऊन बसते. शिवाय जो देश खर्चच करत नाही, तोही थोडक्या मिळकतीवर अव्वल ठरू शकतो. मुलं शाळेबाहेर आणि कार्यक्षमता पूर्ण! म्हणून असा तक्ता समोर आला की मी गुण नंतर बघतो. आधी 'ओतलेलं' या रकान्यात काय काय धरलंय ते वाचतो. परदेशात बनवून घेतलेल्या मालाचा धूर त्यात बहुतेक वेळा नसतो, आणि तो धरल्यावर वरची किती नावं टिकतील याची मला शंकाच आहे.