दऱ्यांचा दर्या करणारं टेम्प्लेट

वेबसाइट चालवणाऱ्या जूमला या सॉफ्टवेअरची तिसरी आवृत्ती 17 ऑगस्ट 2023 ला निवृत्त झाली, तरी तिच्यावर चालणाऱ्या साइट्स आमच्याकडे अजून येतात. फोनचं कारण बहुधा एकच असतं. जूमला ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची 7.4 आवृत्ती होस्टिंगवाला बंद करतोय आणि 8 वर गेलं की साइट पांढरी पडते. तळकोकणातल्या एका जुन्या वाचनालयाचं काम असंच आलं. साइट जूमला 1.5 च्या काळातली, नंतर ढकलत ढकलत 3.10 पर्यंत आणलेली. बनवणारा मुलगा आता कुठे असतो, हे कार्यकारिणीत कुणालाच सांगता येईना.

काम तसं ओळखीचं. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या जागेवर, प्रत उतरवायची, आधी जूमला 4 आणि तिथून 5 वर न्यायची, आणि टेम्प्लेट, म्हणजे साइटचं दिसणं ठरवणाऱ्या फाइली, नव्या आवृत्तीला चालेल असं करून घ्यायचं. तीनमध्ये पानाच्या मांडणीसाठी बूटस्ट्रॅप ही तयार चौकट 2 आवृत्तीची होती, चारपासून 5 आलं. म्हणजे रकान्यांचे सगळे क्लास बदलायचे, मोबाइल मेनूचं 'डेटा-टॉगल' काढून 'डेटा-बीएस-टॉगल' करायचं. मूटूल्स या जुन्या जावास्क्रिप्ट संचाला हाक मारणाऱ्या ओळी उडवायच्या, नाहीतर पानाऐवजी एररच दिसते. कंटाळवाणं आहे, अवघड नाही.

खरी गंमत असते ती टेम्प्लेटच्या 'एचटीएमएल' फोल्डरमध्ये. लेख जूमलाच्या पद्धतीने न दाखवता आपल्या पद्धतीने दाखवायचा असेल तर त्याची वेगळी फाइल तिथे ठेवतात. तिला ओव्हरराइड म्हणतात. जुने ओव्हरराइड मी आधी सगळे बाजूला काढतो, साइट मूळ रूपात उभी करतो, आणि काय हरवलं ते बघत एकेक परत घेतो.

मुखपृष्ठ आलं. मेनू मराठीत, लेखांच्या याद्या व्यवस्थित. दशावतारावरचा एक जुना लेख उघडला, तर शीर्षक स्वच्छ आणि खाली नुसता चिखल: रोमन अक्षरं, त्यांच्या डोक्यावर उच्चारचिन्हं, मध्येच डॉलर, मध्येच टक्के. अलीकडचा लेख उघडला, तो ठीक. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, बिघडलं म्हणावं तर सगळेच लेख बिघडायला हवे होते. चालू साइटवर तोच दशावतार छान मराठीत वाचता येत होता. पण चालू साइटच्या डेटाबेसमध्ये पाहिलं, तर तिथेही हाच चिखल.

म्हणजे डेटाबेसमध्ये मराठी नव्हतीच. ती वाटेत तयार होत होती.

लेखाच्या ओव्हरराइडमध्ये भलंमोठं फंक्शन सापडलं. लेखाचा आयडी ठरावीक आकड्याच्या आत असेल तर मजकूर जुन्या फाँटमधला धरायचा आणि दाखवता दाखवता युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या पद्धतीत, न्यायचा. वर रोमन लिपीत टीप: 'याला हात लावू नये'. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर फाँटच्या भरवशावर असे. तेव्हाच्या टायपिंग सॉफ्टवेअरपैकी श्रीलिपीची अक्षरयोजना वेगळी, सी-डॅकच्या आयएसएमची वेगळी. साठवलेलं असे रोमन चिन्हच, मराठी दिसे ती फाँटमुळे. त्या मुलाने शेकडो लेख पुन्हा टाइप करण्याऐवजी हा रस्ता काढला होता. हुशारीच म्हणायची. पण फंक्शन आतून पीएचपीच्या 'क्रिएट फंक्शन' या सोयीवर उभं होतं, आणि ती सोय पीएचपी 8 मध्ये काढून टाकलेली आहे. साइट पांढरी पडत होती ती यामुळे.

दुरुस्ती करून ते फंक्शन नव्या टेम्प्लेटमध्ये टाकणं सोपं होतं. मला ते पटेना. साइटवरच्या शोधपेटीत 'दशावतार' टाकलं तर फक्त शीर्षकात तो शब्द असलेला लेख मिळे, कारण शोध डेटाबेसमधला कच्चा मजकूर चाळतो. लेख आपोआप बाहेर पाठवणाऱ्या फीडमधूनही वर्षानुवर्षं कचराच जात होता. उद्या कुणी वेगळं टेम्प्लेट लावलं की वाचनालयाचं अर्धं संचित पुन्हा वाचेनासं होणार. तेव्हा मूळ टेबलाची प्रत वेगळी ठेवली आणि मजकूर एकदाच, कायमचा बदलायचं ठरवलं.

जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने टाइप होतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी येते, युनिकोडमध्ये ती नंतर ठेवावी लागते. रफार उलटा: 'मूर्ती'तला रफार तिथे शेवटी येतो, युनिकोडमध्ये 'त'च्या आधी न्यावा लागतो. हे जुन्या फंक्शनने नीट हाताळलं होतं, म्हणून मी त्याचाच अक्षरबदलांचा तक्ता उचलला आणि तपासायला म्हणून काही पानं ग्रंथपाल मॅडमना पाठवली.

दुपारी त्यांचा फोन. "अहो, हे सह्याद्रीच्या 'दर्या' काय आहे?"

"दऱ्या असणार, मॅडम."

"मग तसं दिसू दे की. पुढे 'वार्यावर' आहे, 'किनार्यावर' आहे. पण खरं सांगू? चालू साइटवर आत्ता पाहिलं, तिथेही असंच आहे. इतकी वर्षं कुणी वाचलंच नाही म्हणायचं!"

मूळ मजकूर उघडला. जुन्या फाँटमध्ये साध्या रफाराला एक चिन्ह होतं आणि 'ऱ्य'मधल्या अर्ध्या 'र'ला वेगळं. तक्त्यात दोन्ही एकाच माळेत ओवलेली. टाइप करणाऱ्याने 'दऱ्या' बरोबरच लिहिलं होतं, मूळ टेबलात ते तसंच शाबूत होतं. तक्त्यात एक ओळ वाढवली, अर्धा 'र' खालच्या नुक्त्याच्या 'ऱ'वर नेला आणि सगळे जुने लेख पुन्हा फिरवले. इंग्रजी शब्दांना फाँटचा टॅग नव्हता, त्यांना वगळलं. काही ठिकाणी मराठी शब्दांनाही टॅग लावायचा राहिला होता, ते मॅडमनी हाताने दुरुस्त केले. 'खारे वारे' वगैरे असे सुटलेले शब्द त्यांनीच शोधून काढले.

जुना ओव्हरराइड नव्या टेम्प्लेटमध्ये घेतलाच नाही. रविवारी रात्री साइट हलवली.

बिलात दोन ओळी होत्या: टेम्प्लेट नव्या आवृत्तीला अनुरूप करणे, आणि जुन्या लेखांचं रूपांतर. सभेत दुसरी ओळ एका मिनिटात मंजूर झाली. पहिलीवर सचिवांनी विचारलं, "साइट तर होती तशीच दिसतेय, मग यात केलंत काय?" तशीच दिसावी अशी अट त्यांच्याच पत्रात होती, ते पत्र मी पुढच्या मेलला जोडलं.