आप्पांच्या अठरा लाखांची वाटणी

साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आप्पांच्या हातात पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून १८ लाख आले. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला ८.२ टक्के व्याज, बँकेच्या ठेवीला ६.५. पेन्शन धरूनही घरखर्चाला महिना ११,००० कमी पडत होते. म्हणजे वर्षाला १,३२,००० व्याज हवं.

पोस्टात क्ष रुपये, उरलेले बँकेत, असं मांडलं:

०.०८२क्ष + ०.०६५(१८,००,००० − क्ष) = १,३२,०००

क्ष आला ८,८२,३५३. निदान एवढे तरी पोस्टात हवेतच.

"मग सगळेच टाकूया की पोस्टात," आप्पा म्हणाले. हिशेबानं त्यांचं खरं होतं. बँकेतला एक लाख पोस्टात नेला की वर्षाला १,७०० वाढतात, मग तो पहिला लाख असो की अठरावा. अशा समीकरणात जास्तीत जास्त व्याज मधे कुठं नसतं, टोकालाच असतं. टोक कुठं धरायचं, हे मात्र बीजगणित सांगत नाही.

आमचं टोक पंचगंगेनं ठरवलं. घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीवर गेलं की पेठेत सामान वर चढवायची धावपळ सुरू होते. २०१९ ला आणि परत २०२१ ला तळमजला बुडाला. धान्य, गाद्या, फ्रीज, वायरिंग, सगळं गेलं. अशा वेळी पैसा लगेच हातात लागतो. दोन्ही पुरांचा खर्च आठवून, वर दवाखान्याचे धरून आईनं बँकेत ठेवायला ४ लाखांचा आकडा सांगितला. सगळ्या हिशेबात मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. शिवाय एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच विमा असतो, त्यातही ते बसत होते.

क्ष झाला १४ लाख. पोस्टाचे १,१४,८००, बँकेचे २६,०००, एकूण १,४०,८००.

पोस्टातलं खातं मुदतीआधी मोडायचं तर पूर्ण बंद करावं लागतं, थोडेसे काढता येत नाहीत. वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात. म्हणून ९ आणि ५ लाखांची दोन खाती काढली. उद्या मोठी अडचण आलीच तर धाकटं मोडायचं. कपात २१,००० ऐवजी ७,५०० होईल.

पोस्टाचं व्याज तिमाहीला येतं, म्हणून बँकेत मासिक व्याजाची ठेव घेतली. गरजेपेक्षा वर्षाला ८,८०० जास्त येतील. त्यातून आधी तळमजल्यावरचे स्विचबोर्ड पुराच्या खुणेच्या वर घ्यायचे, असं आईनं सांगून ठेवलंय.